चॉकलेटचा मोदक आणि मोहाचे फूल

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाचे आगमन झाले की पुढील दहा दिवस सकाळ-सायंकाळ आरतीनंतर प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवावे लागते. पहिल्या दिवशी तळणीचे मोदक होतात, दुसऱ्या दिवशी लाडू होतात. मग आमच्या विदर्भात महालक्ष्म्या येतात. त्यांचे पुरण, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील आणि वर टांगावयाचा फुलोरा यांतच घरातील माउलीची कंबर मोडते. महालक्ष्म्या गेल्या तरी गणपती बसलेलेच असतात. संध्याकाळी शेजारपाजारची मुले टाळ घेऊन दारात उभी राहतात आणि आज काय वाटावे, हा प्रश्न पुन्हा स्वयंपाकघरात येऊन बसतो.

अलीकडील काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर घरातील मुलीसुनांनी परस्पर शोधलेले दिसते. बाजारातून चॉकलेटची लादी आणावी, वाफेवर वितळवावी, साच्यात दाबावी, अर्ध्या घटकेत मोदक तयार. भट्टी नाही, तळण नाही, पाक चुकण्याची भीती नाही. चंद्रपूर, भद्रावती, ब्रह्मपुरी, आरमोरी अशा गावी कीर्तनानिमित्त जाणे होते, तेव्हा उत्तररंग आटोपून बुक्का लावताना एखादी आजी हळूच विचारते, "महाराज, हे चॉकलेटचं देवाला चालते का हो?" मागे उभी असलेली सून कान टवकारून ऐकत असते, हेही माझ्या लक्षात येते. प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर त्या घरातील दहा दिवसांची शांतता अवलंबून असते. म्हणून तो जरा विस्ताराने घेतो.

भट्टीवाचून आणि चुलीवाचून केलेला प्रसाद आपल्याला नवा नाही. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला जन्मकाळानंतर वाटतात तो सुंठवडा, दहीहंडीचा गोपाळकाला, पूजेचे पंचामृत, ही सारी न शिजविता होतात. गणपतीची खिरापत तर या प्रकारची राणीच. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि पाचवे कोठे खिसमिस तर कोठे खवा, अशी 'ख'काराची पाच खाद्ये एकत्र आली की पंचखाद्य झाले. खोबरे आणि खसखस किंचित भाजावी, एवढाच काय तो अग्नीचा संबंध. आम्हां कीर्तनकारांचे अर्धे आयुष्य या खिरापतीवर गेले आहे, तेव्हा तिच्याविषयी अधिक बोललो तर पक्षपात ठरेल.

शब्दाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्रज लोक अशा गोड वड्यांना 'कँडी' म्हणतात आणि आपली मुलेही आता तेच म्हणतात. हा शब्द मुळात आपला. संस्कृतात साखरेच्या खड्याला 'खण्ड' म्हणतात. तो फारशीत व अरबीत जाऊन 'कंद' झाला, तेथून फ्रेंचांकडे गेला आणि इंग्रजांच्या तोंडी 'कँडी' होऊन घरी परतला. आपल्या 'शर्करे'ची 'शुगर' याच वाटेने झाली. नातीने 'कँडी' म्हटले म्हणून आजीने कपाळाला आठी घालण्याचे कारण नाही.

आता कोकोकडे येऊ. ज्या बियांपासून चॉकलेट होते ते झाड अमेरिका खंडातील. मेक्सिकोतील प्राचीन लोक त्या बियांचे कडू पेय देवकार्यात वापरीत आणि बियांचा नाण्यांसारखा व्यवहारही करीत. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली झाडाझुडपांची नावे लावली, तेव्हा या झाडाला त्याने 'थिओब्रोमा' म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. खाण्याची घट्ट लादी मात्र फार नंतरची आहे. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे १८४७ साली ती प्रथम निघाली आणि दूध घातलेले चॉकलेट स्वित्झर्लंडात १८७५च्या सुमारास आले. म्हणजे जगाच्या हिशेबातही हा पदार्थ अर्वाचीनच आहे.

येथे आजीबाईंची पहिली शंका येते. परक्या मुलखातील वस्तू देवाला कशी चालावी? या शंकेचे उत्तर शास्त्रग्रंथात शोधण्याआधी आपल्या दारावर पाहावे. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला ज्या झेंडूचे तोरण आपण बांधतो, तो झेंडू त्याच मेक्सिकोचा. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा, दाणे तिकडचे, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचाच. त्या पातेल्यात आपले म्हणावे असे तूप, जिरे आणि मीठ एवढेच उरते. सीताफळाला आपण सीतेचे नाव दिले, तेही पाहुणेच. ही सारी मंडळी गेल्या चार-पाच शतकांत आली आणि आपण त्यांना देवघरात पाट दिला. कोकोही आता तसा परका राहिलेला नाही. दक्षिणेत नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची लागवड होते. सुपारी व कोको उत्पादकांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था १९७३ साली मंगळूरला स्थापन झाली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. ज्या बागेतून आपल्या कलशावरचा नारळ आणि गणपतीची सुपारी येते, त्याच बागेच्या सावलीत हे झाड वाढते, इतके मनात धरले तरी पुरे.

दुसरी शंका अधिक चिकित्सक मंडळींची असते. कोकोचे बी आंबवून मग वाळवतात व भाजतात. आंबवलेले देवाला कसे द्यावे? ज्या घरी महालक्ष्मीला आंबीलीचा नैवेद्य आहे, त्या घराने तरी ही शंका काढू नये.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यांचीच मागणी केली आहे, आणि तीही भक्तीची अट घालून. वस्तू कोणत्या देशाची असावी, याविषयी तेथे एक अक्षर नाही. परंतु याचा अर्थ दुकानातील चकचकीत वेष्टनातले काहीही उचलून देवापुढे ठेवावे, असा मी काढत नाही. चॉकलेटची लादी घेताना मागची बाजू वाचावी. हिरवा ठिपका पाहावाच. काही गोळ्यांत प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून काढलेले जिलेटिन असते, काही परदेशी चॉकलेटांच्या पोटात मद्य भरलेले असते, आणि हौसेने विदेशातून आलेल्या डब्यात हे दोन्ही सापडू शकते. तो डबा पाहुण्यांना द्यावयाचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. देवघराकडे तो नेऊ नये. साच्यातील मोदकात बिस्किटांचा चुरा घालण्याची जी पद्धत पडली आहे, तीही मला रुचत नाही. बिस्किट हे कारखान्यात भाजलेले पीठ; त्याऐवजी सुके खोबरे घातले तर मोदक खिरापतीच्या कुळातला होतो.

मुंबईत कोणी चॉकलेटची मूर्तीच करून दुधात विसर्जन करतात आणि ते दूध मुलांना वाटतात, असे वाचले. हेतू चांगला आहे. तथापि पूज्य आणि प्रसाद यांत एक अंतर असते, ते मला राखावेसे वाटते.

आपल्या जुन्या सोवळ्याच्या नियमात आणि या नव्या पदार्थाच्या स्वभावात एक अकल्पित मेळ आहे. पाण्यात शिजविलेले अन्न लवकर खरकटे होते. तुपात किंवा दुधात केलेले आणि कोरडे भाजलेले टिकते, प्रवासात चालते, म्हणून त्याचे नियम सैल, अशी आपली वहिवाट. चॉकलेटलाही पाणी वर्ज्य आहे. वितळलेल्या चॉकलेटात ओल्या चमच्याचा एक थेंब पडला तरी ते गोठून खडबडीत होते आणि सारे वाया जाते. पदर खोचून, कोरड्या हातांनी आणि कोरड्या भांड्यांनी करण्याचा हा पदार्थ आहे. सोवळे सांभाळणाऱ्या आजीच्या हाताला तो सुनेपेक्षा लवकर वश होईल, असे मी एके ठिकाणी म्हटले, तेव्हा दोघीही हसल्या.

इथपर्यंतचे उत्तर पुण्यामुंबईच्या घरालाही लागू पडेल. परंतु आपण वैनगंगेच्या आणि इंद्रावतीच्या अंगणात राहणारी माणसे. सातासमुद्रापलीकडचे बी देवाला चालते की नाही, याचा खल करताना आपल्या कुंपणापलीकडे पडणारे एक फूल आपण देवघराबाहेर ठेवले आहे. ते मोहाचे फूल.

फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे मेणासारखी पांढरट, रसाळ फुले झाडाखाली टपटप पडतात. उजाडण्याच्या आत बायकामुले टोपल्या घेऊन वेचायला जातात. अंगणात चार-सहा दिवस वाळवली की ती बेदाण्यासारखी तांबूस होतात आणि गोडीला बेदाण्यालाही हार जात नाहीत. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात मधूकाचे दुसरे नाव 'गुडपुष्प' दिले आहे, म्हणजे गुळाचे फूल. असे असूनही धार्मिक म्हणविणाऱ्या घरात मोह म्हटले की लोक कानांवर हात ठेवतात, कारण त्यांना त्यापुढे दारूच दिसते.

गडचिरोली जिल्ह्यातील एका गावी काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात माझे कीर्तन होते. गावातील बचत गटाच्या बायकांनी मोहाचे लाडू करून आणले होते. पितळी डबा स्वच्छ घासलेला, वर पळसाची पाने. मंडळातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी तो डबा देवापुढे ठेवू दिला नाही. "दारूचं फूल गणपतीपुढे नको," असे ते म्हणाले. बायका काही बोलल्या नाहीत. डबा मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसून राहिल्या. त्या गृहस्थांचा राग मला समजत होता. दारूने या मुलखातील किती संसार धुळीला मिळविले आहेत, हे येथे कोणाला सांगावयास नको. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या आणि विशेषतः बायकांच्या लढ्याने झाली. चंद्रपुरातही २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली ती उठली. तेव्हा त्यांची भीती पोकळ नव्हती. परंतु डबा घेऊन बसलेल्या बायकाही त्याच भीतीतून गेलेल्या होत्या, आणि फूल भट्टीकडे जाऊ नये म्हणूनच त्यांनी त्याचा लाडू वळला होता.

त्या रात्रीचे आख्यान मी बदलले. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात आपल्या विदर्भाच्या इंदुमतीचे स्वयंवर आहे. भोजराजाची ही बहीण देशोदेशींच्या राजांपुढून चालत जाते. मगधाच्या राजाचे वर्णन ऐकून ती एक शब्दही न बोलता नुसता सरळ नमस्कार करते आणि पुढे सरकते. त्या क्षणी किंचित ढळलेली जी माळ कालिदासाने वर्णिली आहे, ती मोहाच्या फुलांची आहे आणि तिच्यात दूर्वा गुंफलेल्या आहेत. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीचा विवाहशृंगार आहे. धूपाच्या उबेने केस वाळविल्यावर एक सखी ते बांधते, तेही दूर्वायुक्त अशा फिक्या मोहफुलांच्या माळेने. ज्या गजाननाला आपण एकवीस दूर्वा मोजून वाहतो, त्याच्या आईच्या केसांत लग्नाच्या दिवशी दूर्वांशेजारी मोहाचे फूल होते. विदर्भाच्या राजकन्येची माळही त्याचीच होती. मग त्या फुलाने मांडवाबाहेर का थांबावे? द्राक्षाचीही दारू होते आणि गुळाचीही होते. म्हणून आपण पंचामृतातली साखर किंवा नैवेद्यातली द्राक्षे कधी काढली नाहीत.

त्या रात्री दोन-चार मंडळी उठून गेली, हे खरे. वयोवृद्ध गृहस्थ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला तो पितळी डबा गणपतीपुढे होता, एवढे मला नंतर कळले. तो कोणी ठेवला, हे मी विचारले नाही.

नैवेद्याचा विचार त्या वेचणाऱ्यांना शिकविण्याचेही कारण नाही. आपल्या जंगलातील माडिया समाजात नवे फळ, नवे फूल, नवे धान्य पंडुम करून आधी देवाला दिल्यावाचून तोंडात घालीत नाहीत. आपण ताटाभोवती पाणी फिरवून जे करतो, ते त्यांनी झाडाखालीच केलेले असते.

मोहाची गोष्ट तीच चारोळीची. बासुंदीवर आणि श्रीखंडावर आपण जी चारोळी हलक्या हाताने भुरभुरवतो, ती या जंगलातील चार नावाच्या झाडाची बी. संस्कृतात ती प्रियाल, आणि अमरकोशात तिचे आणखी एक नाव आहे 'राजादन', म्हणजे राजांचे खाद्य. लिनियसने कोकोला देवांचे अन्न म्हटले, आपल्या कोशकाराने चारोळीला राजांचे म्हटले. एका वडीत दोघांची गाठ घालावी, असे मला त्यामुळेच सुचले. वैशाखाच्या उन्हात फळे तोडावयाची, गर काढून बिया वाळवावयाच्या, मग जात्यावर हलके फिरवून कवच फोडावयाचे, इतके झाल्यावर मूठभर चारोळी हाती येते. शेजारच्या बस्तरात एके काळी व्यापारी ती मिठाच्या बदल्यात घेऊन जात. आजही बाजारात आपण देतो त्या किमतीतले जंगलात किती पोहोचते, हा प्रश्न आहेच. वनहक्क कायदा २००६ साली झाला, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला त्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि मोहफुलांच्या संकलनावर व साठवणीवर असलेले निर्बंध राज्य शासनाने २०२१ साली उठविले. त्यामुळे वेचणाऱ्याच्या पायाखालची जमीन थोडी घट्ट झाली आहे. जिवाचे भय मात्र आहेच. मोहफुले किंवा तेंदूपाने वेचायला गेलेल्या बायाबापड्या वाघाच्या हल्ल्यात गेल्याच्या बातम्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात पुनःपुन्हा येतात. शक्य असेल त्यांनी ही दोन्ही जिन्नसे बचत गटाकडून किंवा आठवडी बाजारात वेचणाऱ्या बाईकडूनच घ्यावीत आणि घासाघीस करू नये.

आता कृती सांगतो. ती आमच्या घरात तीन-चार गणेशोत्सव करून पाहिलेली आहे आणि तिचे श्रेय सर्वस्वी आमच्या सौभाग्यवतीचे व सुनेचे आहे.

वाळलेली मोहफुले अर्धी वाटी भरेल एवढी पूड होईल इतकी घ्यावीत. भाद्रपदात हवा दमट असते आणि मोह पाणी ओढून चिकट होतो, म्हणून आधी एक-एक फूल उघडून पाहावे. आतले केसर, माती, काडी काढून टाकावी. काळे पडलेले किंवा बुरसट वासाचे फूल निःसंकोच फेकावे. झटकन धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. मग चमचाभर तुपात मंद आचेवर परतावे. फुले प्रथम मऊ पडतात, नंतर फुगतात आणि निवाल्यावर कुरकुरीत होतात. ती तशी झाली नाहीत तर पुन्हा परतावी, कारण येथे ओल राहिली तर पुढे चॉकलेट बिघडते. निवाल्यावर खलबत्त्यात कुटावी. अर्धी वाटी तीळ खमंग भाजून भरड करावे. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस बदामी भाजून हाताने चुरावा. पाव वाटी चारोळी घ्यावी. ती जुनी असली तर खवट लागते, म्हणून दोन दाणे आधी चाखून पाहावेत. हे चाखणे नैवेद्याच्या पदार्थाचे नसून दुकानदाराच्या मालाचे आहे, तेव्हा त्यात दोष नाही. वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ.

चॉकलेट दोनशे ग्रॅम घ्यावे, ते गडद, कमी गोड. मोह स्वतःच इतका गोड असतो की दुधाळ चॉकलेट घातले तर घशाशी येते. बाजारात 'कंपाउंड' नावाचे स्वस्त चॉकलेट मिळते. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते. ते सहज गोठते आणि नवशिक्याला सोपे जाते, पण चवीला उणे. लादी सुरीने बारीक चिरावी. मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी तापवून आच बंद करावी, वर दुसरे कोरडे भांडे असे बसवावे की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही, आणि त्यात चिरलेले चॉकलेट घालून लाकडी चमच्याने ढवळावे. भांडे थेट चुलीवर ठेवले तर ते करपते. वितळून चकाकू लागले की खाली उतरवावे, चमचाभर पातळ तूप घालावे, आणि सारे कोरडे साहित्य हळूहळू मिसळावे. मिश्रण फार कोरडे वाटले तर आणखी थोडे तूप चालेल. दूध किंवा पाणी मुळीच नको.

साच्याला आतून तुपाचे बोट फिरवावे, टोकाशी चार-पाच चारोळ्या टाकाव्यात, मिश्रण दाबून भरावे आणि शीतकपाटात वीसेक मिनिटे ठेवावे. लहान साच्याचे वीस-बावीस मोदक होतात. साचा नसेल तर ताटाला तूप लावून थापावे आणि वड्या पाडाव्यात. त्या पाडताना सुरी कोरडी आणि किंचित कोमट असावी. कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास विरघळते, म्हणून चंद्रपूरच्या हवेत हे मोदक आरतीच्या जरा आधीच बाहेर काढावेत. समयांच्या जवळ ठेवू नयेत, मोदकाचे खिरापतीत रूपांतर होते. दोन दिवसांनी वर पांढुरकी छटा आली तर ती बुरशी समजून टाकून देऊ नये. कोकोचे स्निग्ध वर येऊन तसे दिसते. मोह मिळालाच नाही तर तेवढाच बेदाणा किंवा बारीक चिरून तुपात परतलेली खारीक घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी कणभर प्रसाद घेऊन हात जोडावेत.

विसर्जनाच्या दिवशी उरलेला प्रसाद निर्माल्याबरोबर नदीत सोडण्याची सवय काहींना असते. वैनगंगेत किंवा इरईत तो टाकू नये. घरी काम करणाऱ्या बाईला, वाजंत्रीवाल्यांना, घाटावर उभ्या असलेल्या मुलांना वाटून डबा रिकामा करून यावा. दारातील कुत्र्याला मात्र या मोदकाचा तुकडाही घालू नये. कोकोतील एक द्रव्य कुत्र्याला पचत नाही आणि त्याच्या जिवावर बेतते. त्याच्यासाठी त्या दिवशी साधी पोळी वेगळी काढून ठेवावी.